तिसऱ्या सकाळचं पाणी

थ्यूबोरॉन, ४ नोव्हेंबर २०२२

प्रिय आस्गर,

फोन करू नकोस. केलास तरी मला ऐकू येणार नाही. चाळीस वर्षं बोअरच्या गाडीशेजारी उभं राहून कानांचे दगड झालेत. तुझ्या बायकोलाच, थ्यूरालाच विचार, माझी बहीण म्हणून ती जन्मभर माझ्यावर ओरडत आली, आता तिचाही आवाज पोचत नाही. म्हणून हे पत्र. तू बावीस वर्षं गावाला घरं तापवायचं गरम पाणी पुरवणाऱ्या हीटिंग सोसायटीचा अध्यक्ष आहेस, कागद वाचायची तुला सवय आहे.

लेकीने, सिग्नेने, मला हर्वादचं साप्ताहिक पाठवलंय. तिसऱ्या पानावर आपल्या शेताचा फोटो आहे. वर मेंढ्या चरताहेत आणि खाली माझी अठ्ठेचाळीस बोअर. मथळा काय, तर ‘उन्हाळ्याची ऊब गेली कुठे?’ ओर्हुसहून कुणी सल्लागार आला होता म्हणे. त्याचं मत असं की बोअरमध्ये नळीभोवती जो भराव घातला तो निष्काळजीपणे घातला, म्हणून जमिनीत साठवलेली ऊब टिकत नाही. माझं नाव कुठे छापलेलं नाही. छापायची गरजच काय? हर्वादमध्ये बोअरवाला एकच होता. बेकरीत लोक ‘फोल्मरची भोकं’ म्हणतात, हेही सिग्नेनेच कळवलं. तिच्यासमोर म्हणतात, आणि तिने ब्रेड घेऊन गप निघून जायचं.

मी म्हातारा झालो, मला काय म्हणायचं ते म्हणा. पण गाडी आता सिग्ने चालवते. दारावर अजून माझ्या बापाने रंगवलेलं नाव आहे, ‘डाम्सगोर आणि मुलगा, विहिरी व बोअर’. शेजारच्या वेस्टरलोवेच्या सोसायटीलाही जमिनीत ऊब साठवायची आहे. बोअरवाल्यांच्या यादीत सिग्नेचं नाव पहिलं होतं. हा अंक निघाला आणि आठवड्याभरात तिचं नाव यादीतून गेलं. त्यानंतर तिला एकही काम मिळालेलं नाही, साधी गुरांच्या पाण्याची विहीरसुद्धा नाही.

आस्गर, ती ऊब कुठे गेली हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिसऱ्या कुणाला नाही.

२०१४ चा एप्रिल आठव. दोन चाचणी बोअर मारली होती, एकमेकांपासून नऊ पावलांवर. एकोणीस मीटरवर गोटे लागले, धुतल्यासारखे स्वच्छ. मी तेव्हाच म्हणालो, इथे पाणी नुसतं साचलेलं नाही, ते चालतंय. तू म्हणालास, कशावरून? मग मी माझ्या बापाची युक्ती केली. शेताच्या चढाकडच्या, वरच्या बोअरमध्ये पोतंभर मीठ ओतलं आणि खालच्या बोअरचं पाणी रोज सकाळी काढून चाखलं. तिसऱ्या सकाळी तू आलास. थर्मासच्या झाकणातून मी तुला पाणी दिलं. ते खारट होतं. तू चाखलंस.

उन्हाळ्यात उन्हाने तापलेलं पाणी खाली फिरवायचं, माती तापवून ठेवायची आणि हिवाळ्यात तीच ऊब वर घ्यायची, ही कल्पना चांगली होती आणि मला अजूनही चांगलीच वाटते. पण त्यासाठी जमीन स्वस्थ बसणारी हवी. तिथल्या पाण्याने तुमची ऊब हात धरून पळवून नेली. माझ्या भरावाचा त्यात काही दोष नाही.

मार्चमध्ये सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. मी घर विकल्यापासून सभासद नाही, म्हणजे मला तिथे तोंड उघडता येत नाही, आणि उघडलं तरी कुणी काय उत्तर दिलं ते मला कळणार नाही. तू उभा राहा. एकच वाक्य बोल : ‘फोल्मरने मला पाण्याबद्दल आधी सांगितलं होतं आणि पुढे जा असं मी म्हणालो.’ बाकी काही नको.

फोल्मर


हर्वाद, २० नोव्हेंबर २०२२

प्रिय फोल्मर,

पत्र मिळालं. थ्यूराने ते आधी वाचलं, माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि बटाटे सोलायला बसली. 

तू लांब समुद्रावर आहेस, इथली तारांबळ तुला कळायची नाही. गॅसच्या भावाने सगळ्यांची डोकी फिरली आहेत. पूर्वी आपण घराघरात पंच्याहत्तर अंशाचं पाणी सोडायचो, आता पंचावन्न. हेच शहाणपणाचं आहे, जगात सगळीकडे तेच चाललंय. पण लोकांना कोण समजावणार? परवा ओल्गा मिकेल्सनकडे गेलो होतो. म्हातारी ओव्हरकोट घालून बसलेली. सगळ्या खोल्यांतले रेडिएटर बंद, एकच पूर्ण उघडलेला, ते त्र्याहत्तर सालच्या तेलटंचाईत शिकलेलं. मी म्हटलं, “ओल्गा, पाणी कोमट असतं तेव्हा सगळे रेडिएटर थोडे थोडे उघडायचे. एकच उघडलात तर खोलीही तापत नाही आणि पाणी गरमच्या गरम आमच्याकडे परत येतं.” तर म्हणते, “रिकाम्या खोल्यांत कोण राहतं, तुझा काका?” तासभर बसलो, दोन कप कॉफी प्यायलो, सगळे नळ माझ्या हाताने फिरवून आलो. दाराबाहेर पडलो आणि खिडकीतून पाहिलं तर बाई ते परत बंद करत होती. अशा तीनशे घरांशी माझी गाठ आहे, फोल्मर. थंडी वाजली की दोष सोसायटीचा.

सल्लागाराचं म्हणशील तर ते त्याचं मत आहे. तुझं नाव त्याने कुठेही घेतलेलं नाही. आपण होऊन अंगावर ओढवून घेऊ नये. असल्या गोष्टी बोलल्याने वाढतात आणि न बोलल्याने विझतात, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

त्या मिठाचं मला अंधुक आठवतं. तू झाकणातून काहीतरी प्यायला दिलं होतंस खरं. पण त्या सकाळी मी खारवलेला हेरिंग मासा खाऊन आलो होतो, आणि हे मी तिथल्या तिथे म्हणालो होतो. तूही हसला होतास.

आणखी एक, मेहुणा म्हणून सांगतो. जमिनीखालचं पाणी म्हणजे सगळ्या गावाचं पिण्याचं पाणी. त्यात पोतंभर मीठ ओतणं हा गुन्हा आहे. हे तुला भर सभेत वाचून दाखवायचंय का? सिग्नेचा परवाना आहे, त्याचाही विचार कर.

थ्यूराचा नमस्कार. तिने तो सांगितलेला नाही, पण असणारच.

तुझा,
आस्गर


थ्यूबोरॉन, ३ डिसेंबर २०२२

आस्गर,

हो, मी हसलो होतो. तू माझ्या बहिणीचा नवरा, गावाचा अध्यक्ष, आणि तुझ्या मिशीवरून पाणी ठिबकत होतं. असा माणूस विनोद करतो तेव्हा लोक हसतात. तुला याची सवय आहे, म्हणून तुला वाटतं की हसला म्हणजे पटलं.

पण पुढचं तू लिहिलं नाहीस, ते मी लिहितो. तू पहिला घोट थुंकलास. मग झाकण पुन्हा माझ्यापुढे धरलंस आणि दुसरा घोट घेतलास, हळू, डोळे मिटून. हेरिंग खाल्लेला माणूस दुसरा घोट घेत नाही, आस्गर. त्याला आपल्या तोंडाची चव ठाऊक असते. दुसरा घोट घेतो तो खात्री करून घ्यायला.

मग तू मला गाडीच्या पलीकडे नेलंस आणि खांद्यावर हात ठेवलास. शुक्रवारपर्यंत अनुदानाचे कागद गेले पाहिजेत, म्हणालास. “तू बोअरच्या नोंदीत ‘वाळू आणि गोटे, ओलसर’ एवढंच लिही. मिठाचं लिहिलंस तर परवानगी वर्षभर लटकेल, आणि तुझ्यावर खटला होईल तो वेगळाच. पाण्याचं मी इंजिनियरांना विचारतो. ते नको म्हणाले तर थांबू.” तेव्हा मला थोडंफार ऐकू यायचं, आणि तुझा हात कानाजवळच होता. पंधरा दिवसांनी निरोप आला, काम सुरू कर. मी समजलो, विचारलंस.

माझा एकच प्रश्न आहे, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर दे. तू इंजिनियरांना विचारलं होतंस का?

परवान्याची धमकी मला देऊ नकोस. मीठ मी ओतलं, सिग्नेने नाही. ती तेव्हा ओडेन्सला शिकत होती. खटला भरायचा तर माझ्यावर भरा, मी काठी टेकत येऊन गुन्हा कबूल करीन. तसं झालं तर बरंच होईल, कुणीतरी ते लिहून तरी घेईल. लोक खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे. तू तर दोनदा प्यायलास.

ओल्गाबाईला माझा नमस्कार सांग. गावात तिच्याइतकं स्वतःच्या मनाने वागणारं दुसरं माणूस राहिलेलं दिसत नाही.

फोल्मर


हर्वाद, १५ जानेवारी २०२३

फोल्मर,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. नाताळ तसाच गेला. सिग्ने दरवर्षी आमच्याकडे जेवायला येते, यंदा आली नाही. थ्यूराने तिचं ताट मांडून ठेवलं होतं. बदकाचं मांस गार होईपर्यंत आम्ही वाट पाहिली आणि मग दोघंच जेवलो.

तू मला प्रश्न विचारलास. आता मी तुला विचारतो. जमिनीत पाणी चालतंय हे तुला इतकं पक्कं ठाऊक होतं, तर एकामागून एक अठ्ठेचाळीस बोअर का मारलीस? तुझ्या गाडीची चावी काय माझ्या खिशात होती? तुझा बाप असता तर मशीन बंद करून घरी गेला असता, हे तूच एकदा प्यायल्यावर म्हणाला होतास. तू नाही गेलास. सहा महिन्यांचं काम होतं आणि तुला ते हवं होतं. मला एकट्याला सुळावर चढवू नकोस.

राहिलं तुझं उत्तर. नाही. विचारलं नाही. फोन हातात घेतला होता, नंबरही लावला होता. मग वाटलं, ते थांबा म्हणतील, आणि थांबलो की संपलंच. आदल्या वर्षी शाळा बंद झाली होती. किराणा दुकान गेलं होतं. तरुण पोरं ऑलबोर्गला निघून चालली होती. हर्वादला काहीतरी आपलं म्हणायला हवं होतं. ज्या दिवशी सभेने या कामाला होकार दिला त्या दिवशी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्यासाठी त्याआधी कधी कुणी उभं राहिलं नव्हतं. मी दूध सोसायटीतला कारकून, फोल्मर. तुला हे समजणार नाही, तुझ्या हाताला कसब होतं.

या मार्चमध्ये मी पायउतार होतोय. निरोपाचा कार्यक्रम आहे. बायका केक करणार आहेत, भेटवस्तू घेऊन ठेवली आहे. ज्या लोकांना बावीस वर्षं तोंड दाखवलं त्यांच्यापुढे शेवटच्या दिवशी उभं राहून सांगू, की तुमच्या घरात थंडी आहे ती माझ्यामुळे? ते जमणं मला कठीण वाटतं. प्रयत्न करीन. याहून जास्त वचन देत नाही.

आस्गर

ता. क. फोल्मर, हे पाकीट मीच पेटीत टाकणार आहे, म्हणून चार ओळी लिहिते. चर्चखालच्या झऱ्याच्या तळ्यावर यंदाही बर्फ धरला नाही. आपण तिथे स्केटिंग शिकलो, तू पुढचा दात तिथेच पाडून घेतलास. आता शेताकडच्या कडेला सकाळी चक्क वाफ दिसते आणि आसपासच्या सगळ्या गावांतली बदकं तिथे येऊन बसतात. आस्गर म्हणतो, हवामान बदललंय. असेल. पण वेस्टरलोवेचं तळं चांगलं वीतभर गोठलंय. थ्यूरा.


थ्यूबोरॉन, २८ जानेवारी २०२३

प्रिय आस्गर,

‘नाही’ असं स्वच्छ लिहिल्याबद्दल आभार मानतो. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून बंदराच्या धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. वारा इतका होता की रागवायलाही जमेना, टोपी सांभाळण्यातच वेळ गेला.

तू म्हणतोस ते खरं आहे. मला माहीत होतं आणि तरी मी मशीन लावलं. तू इंजिनियरांना विचारलं असशील असं मी मानलं, कारण तसं मानणं सोयीचं होतं. तिसाव्या-एकतिसाव्या बोअरला गोटे इतके स्वच्छ वर आले की मी मशीन थांबवून डबा खात बसलो. तासभर बसलो, आणि पुन्हा सुरू केलं. माझा बाप खरोखर घरी गेला असता. तेव्हा सभेत दोघांची नावं घे. म्हण, फोल्मरने सांगितलं, मी दाबलं, आणि फोल्मर गप्प बसला. यातलं मला काही लागणार नाही. फक्त भराव चांगला होता हे म्हण, कारण तो चांगला होता. माझ्या हाताखालून वाईट भराव गेलेला नाही आणि सिग्ने ते काम माझ्याकडूनच शिकली आहे.

थ्यूराच्या चार ओळी वाचून मी आधी हसलो. सगळ्या गावाने उन्हाळाभर साठवलं आणि हिवाळ्यात बदकं त्यात बसली. मग हसू आलं नाही. ओल्गाबाई ओव्हरकोटात बसली आहे आणि तिची ऊब तळ्यात आहे.

आता मुद्द्याचं. एका जर्मन बोअरवाल्याला सिग्नेची गाडी हवी आहे. एक एप्रिलला तो न्यायला येतो म्हणाला. मी तिला थांबायला सांगितलंय. म्हटलं, सभा होऊ दे, आस्गरकाका बोलणार आहे. ती लहानपणी तुझ्या खांद्यावर बसून तळ्यावर जायची. तिने फक्त विचारलं, “नक्की?” आणि मी नक्की म्हणालो. तुझ्या वतीने मी शब्द दिलाय, एवढं ध्यानात ठेव.

फोल्मर


हर्वाद, २५ मार्च २०२३

प्रिय फोल्मर,

मी बोललो.

काल सभा झाली. सभागृह भरलं होतं, एकशे चाळीस माणसं, मागच्या खुर्च्या कमी पडल्या. जमिनीतली साठवण बंद करून उष्णतेचा पंप बसवायचा असं ठरलं, ते होणारच होतं. मला भिंतीवर लावायचा बॅरोमीटर दिला, पितळेचा. आणि मी उभा राहून मिठाची सगळी हकीकत सांगितली, पोत्यापासून घोटापर्यंत. तुझं नाव घेतलं. दुसऱ्या घोटाचंही सांगितलं. लोक अगदी शांतपणे ऐकत होते. कुणी मला वाईट बोललं नाही. उलट बरेच जण जवळ येऊन पाठ थोपटून गेले.

खरं सांगू? वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. नऊ वर्षांचं ओझं उतरलं. तू आग्रह धरलास ते बरं झालं. आता आपल्यात काही राहू नये.

थ्यूराला जरा बरं नाही, म्हणून तिच्या ओळी नाहीत.

तुझा मेहुणा,
आस्गर


थ्यूबोरॉन, ३० मार्च २०२३

प्रिय आस्गर,

पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या तोंडाला साबण असताना उभ्यानेच वाचलं, आणि साबण वाळून गेला.

तुला मी या हिवाळ्यात मनातल्या मनात काय काय म्हणालो ते लिहीत नाही, पोस्टमन चांगला माणूस आहे. मला वाटलं होतं तू कच खाशील. चुकलो. तुझ्या निरोपाच्या दिवशी, केक आणि बॅरोमीटरसमोर ते बोलायला किती जड गेलं असेल ते मी समजू शकतो, सोपं गेलं असं तू लिहिलंस तरी. लोकांनी पाठ थोपटली हे वाचून हर्वादबद्दलचं माझं मतही थोडं बदलावं लागणार.

सिग्नेला लगेच कळवलं. तिने जर्मनाला नाही म्हणून सांगून टाकलं. सोमवारी ती वेस्टरलोवेच्या सोसायटीत जाऊन यादीत परत घ्या म्हणणार आहे. त्याआधी रविवारी तुमच्याकडे येईल. केक घेऊन येईल, तिच्या आईच्या पद्धतीचा, तीन थरांचा. माझी बायको गेल्यापासून तिने तो केला नव्हता. तू बस आणि खा. तो केक तुझा हक्काचा आहे.

सोबत सुकवलेल्या माशांची पेटी पाठवतो. इथले लोक ते दोरीवर वाळत घालतात, उघड्या वाऱ्यात. दात सांभाळून खा.

उन्हाळ्यात ये. बोटीने समुद्रात जाऊ. तू बोल, मी मान हलवीन.

तुझा,
फोल्मर


हर्वाद, १६ एप्रिल २०२३

प्रिय फोल्मर,

हे पत्र आस्गरने पाहिलेलं नाही. दोन आठवडे मी ते लिहिते आणि फाडते आहे. माझी तब्येत ठीक आहे, तेव्हाही ठीकच होती.

सभेचं इतिवृत्त सोबत जोडलंय. वाचण्याआधी माझं ऐक, नाहीतर तुला वाटेल कुणीतरी चुकून लिहिलं.

विषय क्रमांक चार सल्लागाराच्या अहवालाचा होता. मधल्या रांगेतून कुणीतरी विचारलं, पाण्याचं आधी कुणाला माहीत नव्हतं का? आस्गर अध्यक्षांच्या टेबलाशी बसला होता. तो कागद चाळत राहिला. मी पहिल्या रांगेत होते, वाटलं आता उठेल. उठला नाही. मग मत घेतलं, ‘भराव निकृष्ट असल्याने साठवण निकामी झाली, हा अहवाल सभेस मान्य आहे.’ हात वर झाले. त्याचाही झाला, फोल्मर. मी मोजले नाहीत, पण तो एक मी पाहिला.

पुढे निवडणूक झाली, निरोप झाला, बॅरोमीटर झाला. मग शेवटचा, नवव्या क्रमांकाचा, ऐनवेळचे विषय. तुला माहीत आहे त्यात काय असतं. कुणी सायकली नीट लावा म्हणतं, कुणी केक करणाऱ्या बायकांचे आभार मानतं. त्या विषयात काही ठरवता येत नाही, तसा नियमच आहे, म्हणून कुणी ऐकतही नाही. निम्मे लोक कोट चढवत होते, मी कपात कॉफी ओतत होते. तेव्हा तो उठला, हातात स्नॅप्स दारूचा पेला घेऊन.

त्याने सगळं सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता. पोतं, नऊ पावलं, तिसरी सकाळ, थर्मासचं झाकण. पण त्याने ते हेरिंगच्या अंगाने सांगितलं. “मी हेरिंग खाऊन आलेलो, आणि आमच्या या मेहुण्याला, फोल्मरला वाटलं, आपण समुद्रच शोधून काढला!” असं म्हणून त्याने तोंड वाकडं करून दाखवलं. दुसऱ्या घोटाला तर लोक डोळे पुसत होते. तुझं ते एक वाक्य, ‘पुढे जा असं मी म्हणालो’, तेवढं आलं नाही. मीही हसले, फोल्मर. हसून झाल्यावर मला कळलं की आपण कशाला हसलो. तेव्हापासून मी तुला तोंड दाखवायच्या लायकीची राहिले नाही असं वाटतं.

घरी येताना मी म्हटलं, हे काय केलंस? तर म्हणतो, “सांगितलं की. त्यांनी हसण्यावारी नेलं त्याला मी काय करू?” आणि मला वाटतं, तो ते स्वतः खरं मानतो.

रविवारी सिग्ने केक घेऊन आली. दारातच तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. “काका, तुम्ही माझे बाबा मला परत दिलेत,” म्हणाली. मी त्याच्याकडे पाहत होते. मला वाटलं आता तरी बोलेल. तो म्हणाला, “बस, पोरी, कॉफी गार होईल.” आणि केक खाल्ला. दोन तुकडे खाल्ले. मी गप्प बसले, हे माझं पाप.

सोमवारी ती वेस्टरलोवेला गेली. त्यांच्या टेबलावर हे इतिवृत्त आधीच होतं. त्यांनी तिला चौथा विषय वाचून दाखवला, आणि तिने आग्रह केला म्हणून नववाही.  त्याच संध्याकाळी तिने जर्मनाला फोन केला. गाडी गेली. तिने तुला कळवलं नसणार, तुझ्या कानांचं निमित्त सांगून टाळत असेल, म्हणून मी कळवते आहे.

मी आता वरच्या खोलीत झोपते. तिथला रेडिएटर पूर्ण उघडलाय आणि खालचे सगळे बंद केलेत. आस्गर म्हणतो, असं करायचं नसतं, पाणी गरम परत जातं. मी म्हटलं, जाऊ दे.

थ्यूरा

(सोबत : हर्वाद हीटिंग सोसायटी, सर्वसाधारण सभा, २४ मार्च २०२३. विषय ९, ऐनवेळचे विषय : केकबद्दल महिलांचे आभार मानण्यात आले. सायकली दारासमोर लावू नयेत अशी सूचना आली. मावळते अध्यक्ष आस्गर यांनी बोअरच्या दिवसांतील आठवणी सांगून सभेचे मनोरंजन केले. सभा हसतखेळत संपली.)


थ्यूबोरॉन, २१ एप्रिल २०२३

आस्गर,

थ्यूराचं पत्र आलं, इतिवृत्तासकट.

सिग्ने काल इथे येऊन गेली. बसने आली. दारावरचं नाव गाडी देण्याआधी तिने स्वतः खरवडून काढलं, त्याला अर्धा दिवस लागला. माझ्या बापाने रंग चांगला लावला होता. ती आता मासळीच्या कारखान्यात काम शोधते आहे, इथेच, बंदरावर.  आम्ही बटाटे उकडून खाल्ले.

तुला यापुढे पत्र येणार नाही. मासे परत पाठवू नकोस, खाऊन टाक.

केक मात्र तू दोन तुकडे खाल्लास म्हणे. तिच्या आईचा केक होता तो. गावात कुणी विचारलं, चव कशी होती, तर सांग की कळली नाही, सकाळी हेरिंग खाल्ला होता.

फोल्मर